धक्क्याचा मालक बदलतो तेव्हा कायदा कोठे असतो?

चाकणच्या एका कारखान्यात निर्यातीचे काम पाहताना मी आजवर हजारो कंटेनर रवाना केले आहेत. माल भरून दार लागले की कडीत बॉटल सील, म्हणजे एकदाच वापरायचे धातूचे कुलूप, ठोकतात, त्यावरचा क्रमांक कागदपत्रांशी दोनदा ताडून पाहतात आणि मगच ट्रेलर घाट उतरून न्हावा शेवा बंदराकडे जातो. क्रमांकातला एक आकडा चुकला तरी माल अडतो. मात्र ज्या धक्क्यावर तो कंटेनर पोहोचतो, त्या धक्क्याचा ताबा दूर कोठे तरी झालेल्या एका व्यवहाराने बदलू शकतो, ही गोष्ट मला कित्येक वर्षे सलते आहे.

असे घडलेलेही आहे. न्हावा शेवाचे पहिले खासगी टर्मिनल, म्हणजे कंटेनर चढवण्या-उतरवण्याचा धक्का, 1997 च्या करारानुसार 30 वर्षांसाठी पी अँड ओ या ब्रिटिश समूहाकडे गेले होते. 2006 मध्ये दुबई सरकारच्या मालकीच्या डीपी वर्ल्डने तो समूहच विकत घेतला आणि आपले टर्मिनलही त्याबरोबर गेले. त्याच व्यवहारात अमेरिकेतील सहा बंदरांवरचे कामकाजही आले होते. तेथे मात्र संसदेत, म्हणजे अमेरिकी काँग्रेसमध्ये, एवढा गदारोळ झाला, की राष्ट्राध्यक्ष बुश व्यवहाराच्या बाजूने असूनही कंपनीला तेथील हिस्सा विकावा लागला, आणि 2007 मध्ये परकीय गुंतवणुकीच्या सुरक्षा-तपासणीसाठी नवा कायदा झाला. डीपी वर्ल्डच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. परकीय भांडवल आले नसते तर न्हावा शेवा आजच्या उंचीवर पोहोचले नसते. माझे म्हणणे एवढेच आहे, की लक्ष फक्त निविदेच्या दिवशी ठेवून भागत नाही, कारण ताबा नंतर, कंपनीच्या विक्रीतून, गुपचूप सरकतो.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव आपल्याला अधिक जवळचा वाटावा. 2015 मध्ये तेथील नॉर्दर्न टेरिटरीच्या सरकारने डार्विन बंदर 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने लँडब्रिज या चिनी कंपनीला दिले. ज्या शहरात अमेरिकी मरीन सैनिक येऊन राहतात, तेथले हे बंदर. पण प्रादेशिक सरकारने खासगी कंपनीशी केलेल्या अशा व्यवहाराला केंद्राची तपासणी त्या वेळी सक्तीची नव्हती. पुढे नियम बदलले, आणि महत्त्वाच्या पायाभूत सुविधा कोणाच्या मालकीच्या व नियंत्रणाखाली आहेत याची नोंदवही ठेवणारा कायदा 2018 मध्ये आला. तरीही 2025 मध्ये पंतप्रधान अल्बानीज यांना ते बंदर परत आणण्याचे आश्वासन द्यावेच लागले. आपल्याकडेही प्रमुख बंदरे केंद्राकडे, तर दिघी-जयगडसारखी बंदरे राज्याच्या मेरीटाइम बोर्डाकडे आहेत, आणि डार्विनला फट पडली ती नेमकी अशाच वाटणीत.

आपण काहीच केलेले नाही असे नाही. बोलीदारांची सुरक्षा-तपासणी होते. एप्रिल 2020 मध्ये केंद्राने भूसीमा लागून असलेल्या देशांतील गुंतवणुकीला पूर्वपरवानगी सक्तीची केली आणि त्यात खऱ्या लाभार्थी मालकाचाही विचार केला. परंतु तो नियम शेजाऱ्यांपुरता होता, शिवाय त्यात बंदराला आणि बिस्किटांच्या कारखान्याला एकच माप होते. 1908 चा बंदर कायदा 2025 मध्ये बदलला गेला, ही चांगली सुरुवात आहे.

त्यापुढे जाऊन मला स्वतंत्र कायदा हवा आहे. प्रमुख असो वा राज्याचे, प्रत्येक बंदराच्या टर्मिनलचा शेवटचा मालक कोण, याची सार्वजनिक नोंद असावी. तो मालक जगात कोठेही बदलला तरी ठरलेल्या मुदतीत केंद्राची नव्याने संमती लागावी. आणि ती नाकारली गेल्यास योग्य मोबदला देऊन टर्मिनल परत घेता यावे. मोबदल्याचा आग्रह मी मुद्दाम धरतो, कारण 2024 मध्ये आपणही इराणमध्ये चाबहार बंदरातील टर्मिनल चालवण्याचा 10 वर्षांचा करार केला आहे, आणि तेथे आपल्याला जी वागणूक मिळावी असे वाटते तीच आपण इतरांना दिली पाहिजे.

पालघर जिल्ह्यात वाढवण येथे 76,200 कोटी रुपयांचे बंदर उभे राहत आहे. तेथील टर्मिनलांच्या दीर्घ मुदतीच्या करारांवर सह्या होण्याआधी हा कायदा संसदेत यावा.