सीडीयू बिघडलेला नाही, स्विच बदला

नमस्कार सर,

मॉडेल रेल्वेचे हाताने बदलायचे चार सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे) रिमोटवर नेण्यासाठी तुम्ही आमच्या मडगावच्या दुकानातून संच नेला. सीडीयू (मोटरींना विजेचा झटका देणारं कपॅसिटर डिस्चार्ज युनिट) पहिल्याच दिवशी बंद पडला, तो काढून मोटरींना थेट १६ व्होल्ट एसी दिलं तर दोन जळाल्या, तिसरा सांधा अर्धवट सरकतो, संच टाकाऊ आहे, असं तुम्ही लिहिलंय. संच टाकाऊ नाही. कारण तुम्हीच टाकलेल्या फोटोत दिसतंय.

पॅनलवर साधे टॉगल स्विच बसवलेत, टाकले की तिथेच राहणारे. संचातले टॉगल स्प्रिंगचे आहेत, बोट काढलं की मध्यावर येतात. सगळा फरक इथेच पडतो. संचातल्या सोलेनॉइड मोटरीच्या दोन कॉइलपैकी एक सांधा डावीकडे ओढते, दुसरी उजवीकडे, आणि त्यांना करंट लागतो तो क्षणभरच, पण जोरदार. सीडीयूमधला कपॅसिटर २०-२२ व्होल्ट डीसीपर्यंत भरतो आणि बटण दाबताच एका झटक्यात कॉइलमध्ये रिकामा होतो. टॉगल चालूच राहिला, तर मागून येणारा थोडासा करंट त्या कॉइलमधूनच वाहून जातो आणि कपॅसिटर पुन्हा भरत नाही. म्हणून पुढचा एकही सांधा हलला नाही. मोटरी तोवर वाचल्या त्या सीडीयूमुळेच. तो काढल्यावर जेमतेम चार-पाच ओहमच्या कॉइलला सलग १६ व्होल्ट मिळाले. अशी कॉइल बघता बघता तापते, तारेवरचं इनॅमल जळतं आणि वेढे शॉर्ट होतात.

खात्री करायची तर मल्टिमीटर डीसीवर ठेवून कपॅसिटरच्या टोकांना लावा. सगळे स्विच बंद असताना आकडा दोन-तीन सेकंदांत २० च्या आसपास जाईल. एक टॉगल टाकून ठेवा, आकडा पडेल आणि पडूनच राहील.

तिसऱ्या सांध्याचं दुखणं वेगळं. मोटर सोडवून सांधा बोटाने हलवा. दोन्हीकडे टचकन बसला तर रूळ ठीक आहेत. मग रुळांखालच्या प्लायमधलं, मोटरीची पिन सांध्यापर्यंत वर येते ते भोक बघा. आपल्याकडे पावसाळ्यात साधा प्लाय फुगतो आणि पिन कडेला घासते. पिन सरकते त्या दिशेने भोक १२ मिमीपर्यंत लांबवा. सांधा दोन्ही टोकांना सारखा दाबून बसेल असं बघूनच मोटरीचे स्क्रू आवळा. तरीही जोर कमी पडला तर वायर बारीक आहे. ०.७५ स्क्वेअर एमएमची घाला, सगळ्या मोटरींच्या सामाईक (कॉमन) वायरलासुद्धा. तिथेच बहुतेक जण बारीक वायर ओढतात.

साधे टॉगलच ठेवायचे असतील तर सोलेनॉइड सोडा आणि १२ व्होल्ट डीसीची स्टॉल मोटर घ्या. ती टोकाला अडून कायम चालू राहिली तरी १५-२० मिलिअँपिअरच घेते. दिशा उलटवायला डबल पोल (दोन्ही तारा एकदम पलटणारा) टॉगल लागेल, आणि सांध्यात स्प्रिंग असेल तर ती काढावी लागेल.

सीडीयूशिवाय जळालेली कॉइल वॉरंटीत बसत नाही, त्यामुळे त्या दोन मोटरी बदलून देता येणार नाहीत. सीडीयू आणि तिसरी मोटर मात्र दुकानात आणा. तुमच्यासमोर तपासू, दोष निघाला तर तिथल्या तिथे बदलून देऊ. नव्या मोटरी बसवाल तेव्हा आधी स्प्रिंगचे टॉगल लावा, मगच ट्रान्सफॉर्मर जोडा.