त्या पांढऱ्या अळ्यांबद्दल थोडं

आमच्या कोथरूडच्या सोसायटी ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय, पडद्याच्या पाइपमध्ये पानांच्या सुरळीत पांढऱ्या अळ्या सापडल्या, त्याच गुलाब खातात, आणि अळ्या काय सगळ्या सारख्याच, सरळ स्प्रे मारा. थांबा जरा!

गुलाबाच्या पानाला गोल गोल कापलंय ना, ते काम पूर्ण वाढलेल्या मादीचं, एकटी राहणारी पानकापी मधमाशी ती, पोळंबिळं काही नाही. पान फक्त अस्तराला. आतली अळी पराग आणि मकरंदाचा गोळा खाते, तिला पायच नसतात, ती कुंडीपर्यंत जाणार कशी?

आणि सारख्याच म्हणाल तर तेही चूक. अमेरिकेतल्या मिचनर या मधमाशी-अभ्यासकांनी १९५३ मध्येच मधमाश्यांच्या अळ्यांवर मोठा अभ्यास छापला होता. कुठल्या गटातली अळी ते ओळखायला जबड्याचा आकार, अंगावरचे उंचवटे, श्वासाची छिद्रं बघतात. मला सगळ्यात भारी वाटतं ते लाळेचं तोंड, म्हणजे कोशाचा धागा निघतो ते छिद्र, कोश विणणाऱ्या अळ्यांत त्याचे ओठ पुढे आलेले असतात, न विणणाऱ्यांत बहुतेक बसकेच. पानकापीच्या गटातल्या अळीच्या अंगावर बारीक केसही असतात, बाकी बऱ्याच गटांत अंग जवळपास गुळगुळीत. काही आयतोबा मधमाश्या दुसरीच्या घरट्यात अंडं घालतात, त्यांच्या पिल्लाला सुरुवातीला विळ्यासारखे जबडे असतात, यजमानाचं अंडं किंवा अळी मारायला.

हां, हे मोबाइलच्या फोटोवरून नाही कळत, पूर्ण वाढलेली अळी मायक्रोस्कोपखाली घ्यावी लागते, आणि तरी बऱ्याचदा गटच कळतो, नेमकी जात नाही. पाइप तसाच राहू द्या, पडदा महिनाभर दोरीवर लावा.