सही करणार नाही

आज सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉरवर्ड आलं. 'भारताला सुरक्षा परिषदेत कायमची जागा मिळालीच पाहिजे, लिंकवर सही करा, दहा जणांना पाठवा.' दुपारपर्यंत खाली तिरंगे आणि अंगठ्यांची रांग लागली. मी सही केली नाही. तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून इथे ओततोय.

जागा अशी मागून मिळते होय? त्या पाच जणांकडे बघा की. अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स, चीन. पाचांच्याही हातात नकाराधिकार, पाचांच्याही अणुपाणबुड्या समुद्रात. अण्वस्त्र प्रसारबंदी करारात अण्वस्त्रधारी देश कोणाला म्हणायचं, तर १ जानेवारी १९६७ च्या आधी ज्याने स्फोट केला त्याला. स्वतः आत शिरायचं आणि मागून कडी घालायची! आपण १९७४ ला पोखरणला स्फोट केला, तर आपल्यासारख्यांना अणुसामग्री मिळू नये म्हणून अणुपुरवठादार देशांचा गट निघाला. १९९८ ला पुन्हा केला, तर महिन्याच्या आत सुरक्षा परिषदेचा एकमताने ठराव क्रमांक ११७२, की हे सगळं बंद करा. ह्यांच्याकडे सह्यांचा कागद घेऊन जायचं?

माझा मामा गोदीत वेल्डर होता. १९८१ च्या करारात जर्मनांकडून चार पाणबुड्या ठरल्या, दोन त्यांच्याकडे कीलला बांधायच्या, दोन इथे मुंबईत. मामा कीलला शिकून आला. काळाचौकीच्या दहा बाय बाराच्या खोलीतला माणूस, तिथून येताना लोकरीची टोपी घेऊन आला, ती अजून ट्रंकेत आहे. पाणबुडीचं पोलाद आधी तापवावं लागतं, तापलेल्या पत्र्याला टेकून तासन्‌तास वेल्डिंग. मग रात्री, माणसं हटवून, जोडाचा एक्स-रे. मामी सांगते, एक्स-रेचा निकाल कळेपर्यंत हा सकाळचा चहा घ्यायचा नाही. जोडात केसाएवढी खोट निघाली की सगळं खोदून काढून परत भरायचं.

इथे बांधलेली 'शाल्की' १९९२ ला नौदलात गेली, 'शंकुल' १९९४ ला. आणि मग? मग काही नाही. ह्या करारातल्या दलालीचं प्रकरण १९८७ लाच गाजलं होतं, त्यात पुढच्या दोन पाणबुड्या बारगळल्या होत्या. लाचेची चौकशी व्हायला हवी होती, कोण नाही म्हणतंय. पण चोर पकडायला घर का पाडलंत? पुढचा करार थेट २००५ ला, फ्रेंचांशी. तिथे पुन्हा श्री गणेशा.

ह्याला त्या पाचांपैकी कोणाचा नकाराधिकार लागला नाही हो. आपलाच.

वेल्डरने सहा महिने त्या जातीचं काम केलं नाही की त्याचं सर्टिफिकेट बाद होतं. मामाचंही झालं. ओरडला नाही, कोणाला बोलला नाही, नुसता साध्या कामावर जात राहिला. मी तेव्हा कॉलेजात. मला वाटायचं, बरं झालं, आता तरी वेळेवर घरी येतो. काय अक्कल होती माझी.

२०१७ च्या डिसेंबरात त्या फ्रेंच करारातली पहिली पाणबुडी 'कलवरी' दाखल झाली तेव्हा तो टीव्हीसमोर होता. भाषणाकडे लक्ष नाही. म्हणाला, "पोरं नवीन असतील ना रे सगळी? कोणी शिकवलं असेल?" मला काय माहीत.

बरं, संयुक्त राष्ट्रं अगदीच कुचकामी नाहीत. पोलिओ गेला त्यात त्यांचा हात आहे, मान्य. पण सुरक्षा परिषदेत आपण आठ वेळा तात्पुरते बसून आलो, २०२१ च्या ऑगस्टमध्ये सागरी सुरक्षेवरच्या चर्चेला आपले पंतप्रधान अध्यक्ष होते, आणि उठल्यावर खुर्च्या होत्या तशाच. त्यापेक्षा विशाखापट्टणमला आपली अणुपाणबुडी 'अरिहंत' पाण्यात उतरली ते मला मोठं वाटतं. पाचांनंतर सहावे आपण. तिचा गिअरबॉक्स आपल्या इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरचा, हे ग्रुपवरच्या किती जणांना ठाऊक आहे? त्याचा फॉरवर्ड नाही येत.

चिडून लिहिलं, जाऊ दे. सही करणाऱ्यांवर राग नाही. शेजारचे काका तर माझ्या मुलाला बुद्धिबळ शिकवतात.

मामा आज आमच्याकडेच आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. संध्याकाळी गॅलरीत उभा राहून नवीन ग्रिलच्या जोडावरून बोट फिरवत होता. एका जागी थांबला, नखाने टोकरलं.

"हे कोणी केलं रे? आत भोकं आहेत. बोलाव त्याला उद्या, माझ्यासमोर करू दे."

ग्रिलवाल्याला फोन लावलाय. अकराला येतो म्हणालाय.