२१ दिवसांच्या त्या मेसेजबद्दल खुलासा

परवा मीच इथे एक मेसेज टाकला होता, २१ दिवस रोज सकाळी दीर्घ श्वसन आणि अर्धा तास चालणं केलं की डिप्रेशन मुळापासून जातं, गोळ्या बंद करता येतात. तो चुकीचाय, घाईत फॉरवर्ड केला, डिलीट केलाय आता.

चालणं, श्वास यात खोट काही नाही हं. श्वास सावकाश सोडला की हृदयाचे ठोके जरा मंदावतात, धडधड कमी होते, मी स्वतः करतो. नियमित व्यायामाने सौम्य ते मध्यम डिप्रेशनमध्ये फरक पडतो हेही अभ्यासांत दिसलंय. पण फरक पडणं वेगळं आणि मुळापासून जाणं वेगळं.

२१ दिवसांचं म्हणाल तर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये सवयींवर अभ्यास झाला होता, त्यात एखादी साधी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४ असा अंदाज निघाला, आणि ते सुद्धा सवयीचं झालं, आजार बरा होण्याचं नाही.

सगळ्यात घातक भाग गोळ्यांचा. अचानक बंद केल्या की चक्कर, मळमळ, झोप उडणं, चिडचिड होऊ शकते, आजार उलटूही शकतो, म्हणून डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. बरं वाटायला लागलं तरी स्वतःहून थांबवू नका. आणि जीव नकोसा वाटत असेल तर २१ दिवस कसले मोजताय, आजच कुणाला तरी सांगा, डॉक्टरकडे जा.

तो मेसेज तुम्ही पुढे पाठवला असेल तर तिथे हे पण टाका प्लीज, आणि आता तो फिरवू नका.