‘तोंडात प्लास्टिक बसवतात’ सांगणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

परवा रात्री मावशीचा फोन आला. “मी डॉक्टरांना सांगणार आहे, गाठ काढा आणि टाके घाला. ते प्लास्टिक मला नको.” तिच्या खालच्या हिरडीला कॅन्सर आहे, जबड्याच्या हाडापर्यंत गेलाय, ऑपरेशन बारा दिवसांवर आलंय. हे तिच्या डोक्यात कुणी भरवलं ते शोधावं लागलं नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर तो लांबलचक मेसेज आठवडाभर फिरतोय: ‘तोंडाच्या कॅन्सरनंतर प्लास्टिक सर्जरीला नकार द्या, जीव वाचवा.’ मला त्याचा मनस्वी राग आलाय, कारण सात वर्षांपूर्वी माझ्या बाबांचं हेच ऑपरेशन झालं आणि त्या वॉर्डात मी अकरा रात्री काढल्या आहेत.

‘शरीरात प्लास्टिक घालतात, ते शरीर नाकारतं.’ इथे फार वेळ घालवत नाही. ‘प्लास्टिक’ हा शब्द ग्रीक, अर्थ घडवणं, आकार देणं. जर्मन सर्जन फॉन ग्रेफेने नाकाच्या पुनर्रचनेवरच्या पुस्तकाला ‘र्‍हायनोप्लास्टिक’ हे नाव दिलं ते 1818 मध्ये. बेकेलाइट, म्हणजे पहिलं पूर्ण कृत्रिम प्लास्टिक, आलं 1907 मध्ये. जबड्यात बसवतात ती टायटॅनियमची पट्टी आणि स्क्रू. बाकी कातडी, हाड, रक्तवाहिन्या सगळं पेशंटचं स्वतःचं. स्वतःचं मांस शरीर परकं म्हणून नाकारत नाही.

आता तो मुद्दा, ज्याने मावशी डगमगली: ‘हे फक्त दिसण्यासाठी आहे, वय झालेल्या माणसाला रूप काय करायचंय?’ हे वाक्य माणसाचा जीव घेऊ शकतं.

जबड्याचा तुकडा, हिरडी आणि जिभेखालचा भाग काढला की तोंड आणि मान यांच्यामध्ये पडदाच उरत नाही. लाळ सरळ मानेत उतरते. तिथेच मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी असते. जंतूंनी भरलेली लाळ तिच्यावर साचत राहिली तर धमनीची भिंत कुजून ती फुटू शकते, आणि फुटली तर हातात मिनिटं असतात. फ्लॅप, म्हणजे पेशंटच्याच शरीरातून दुसरीकडून काढून इथे बसवलेला कातडी-हाडाचा तुकडा, हा आधी तो बांध आहे, चेहरा त्यानंतर. शिवाय जीभ पुढे हनुवटीच्या हाडाला धरलेली असते. ते पुढचं हाड गेलं आणि जागा तशीच ठेवली तर जीभ मागे घशाकडे पडते, श्वास अडतो, ओठ मिटत नाहीत, लाळ दिवसभर गळत राहते. गिळणं, बोलणं, चार माणसांत बसणं, यातलं कुठलं ‘रूप’ आहे ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

‘करायचीच तर वर्षभराने करा’ हा त्याचाच पुढचा सल्ला, आणि तितकाच घातक. अशा पेशंटना बहुतेक वेळा ऑपरेशननंतर रेडिएशन लागतं आणि ते साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. जखम उघडी, लाळ झिरपतेय, अशा अवस्थेत ते लांबतं. वर्षाने परत जावं तर रेडिएशनने मानेतल्या रक्तवाहिन्या राठ झालेल्या असतात, कातडी आकसलेली असते. जे काम पहिल्याच दिवशी नीट झालं असतं ते दुप्पट अवघड होऊन बसतं.

‘फ्लॅप सडतो.’ यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. पायाचं हाड कातडीसकट काढून मानेतल्या दोन-तीन मिलिमीटरच्या वाहिन्यांना मायक्रोस्कोपखाली जोडतात, केसाहून बारीक धाग्याने. तिथे गुठळी होऊ शकते, बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांतच. म्हणून तर नर्स दर तासाला येते. बाबांच्या तोंडात बॅटरी मारून ती फ्लॅपवर बोट दाबायची. कातडी पांढरी पडून किती वेळात परत गुलाबी होते ते मोजायची. दुसऱ्या रात्री दोन वाजता तिने बोट उचललं आणि रंग झटकन भरला, गडद, जांभळट. मला वाटलं रक्त चांगलं येतंय. ती एक शब्द न बोलता फोनकडे पळाली. रक्त आत येत होतं, बाहेर जात नव्हतं. शिरेत गुठळी झाली होती. तासाभरात बाबा परत थिएटरमध्ये होते. गुठळी काढली, फ्लॅप वाचला. सरावलेल्या टीमच्या हातून शंभरातले पंचाण्णव किंवा त्याहून जास्त फ्लॅप जगतात. नकार देण्याऐवजी एवढंच विचारा, की रात्री फ्लॅप कोण बघणार आणि गडबड झाली तर थिएटर मिळेल का.

‘पाय कायमचा जातो.’ जात नाही. शरीराचा भार नडगीचं जाड हाड पेलतं. घेतात ते त्याच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड, तेही गुडघ्याकडचे आणि घोट्याकडचे काही सेंटिमीटर राखून. बाबांच्या अंगठ्याचा जोर थोडा कमी झाला, नडगीच्या बाजूला अजून बधिर लागतं. चालतात मात्र रोज.

‘तोंडात केस उगवतात.’ हो, उगवतात. पायाची कातडी आहे, तिला आपण तोंडात आलोय हे कळत नाही. बाबांना महिन्याभरात जिभेला टोचायला लागले होते. रेडिएशनमध्ये गळून गेले. ज्यांना रेडिएशन लागत नाही त्यांना कापावे लागतात किंवा लेझर. पण यासाठी कुणी ऑपरेशन नाकारतं का?

‘फ्लॅपखाली कॅन्सर लपतो.’ खोलवरची गाठ नुसत्या बोटाला लागणं अवघड होतं, एवढं खरं. त्यासाठी तपासण्या आहेत, स्कॅन आहे. उलट मोठी पोकळी भरून काढता येणार याची खात्री असली की सर्जन गाठीभोवतीची चांगली जागाही हात न आखडता काढतो.

राहिलं ‘चाकू लागला की कॅन्सर पसरतो, मान उघडू देऊ नका’. याचं उत्तर टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी 2015 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दिलंय. तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरचे, मानेत गाठ न लागणारे 500 पेशंट. निम्म्यांच्या मानेतल्या ग्रंथी पहिल्या ऑपरेशनमध्येच काढल्या, बाकीच्यांच्या गाठ दिसल्यावर. तीन वर्षांनी पहिल्या गटातले 80 टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले 67.5. चाकूने कॅन्सर पसरत असता तर जास्त कापलेला गट मागे पडला असता. मावशीचा आजार याच्या पुढचा आहे, म्हणजे तिला मान टाळण्याचा विचारही परवडणार नाही.

हे सगळं मी तिला फोनवर सांगितलं. ती नुसती हूं हूं करत राहिली. मग काल बाबांनीच तिला व्हिडिओ कॉल लावला, तोंड उघडलं आणि आत बॅटरी मारली. “ही बघ, पायाची कातडी.” मावशी बराच वेळ बघत होती.

“दाजी, दुखलं का हो?”

“पाय दुखला. तोंडाला काही कळलंच नाही.”

पुन्हा थोडा वेळ शांतता. मग तिने विचारलं, “माझ्या कुठल्या पायातून घेतील?”