क्लिचको सहावा नाही, पण टायसनच्या खालीही नाही

नमस्कार,

सार्वकालिक हेवीवेट (सर्वात जड वजनगटाच्या) मुष्टियोद्ध्यांच्या माझ्या यादीत मी युक्रेनच्या व्लादिमिर क्लिचकोला सहावं स्थान दिलं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: त्याचा काळच पोकळ होता, त्यात कुणीही टिकला असता. तो लढत नव्हता, मिठ्या मारत होता, म्हणजे समोरच्याला कवटाळून त्याचे ठोसे थांबवत होता. जोरदार ठोसे मारणारा समोर आला की तो आडवा व्हायचा. आणि अशाला होलीफिल्ड आणि टायसन या अमेरिकी विजेत्यांच्या वर बसवणं ही निव्वळ आकड्यांची पूजा आहे. शेवटी तुम्ही विचारलंत, ‘सामने पाहिलेत की नुसते तक्ते वाचलेत?’ सामने पाहिलेत. काही पुन्हा पुन्हा पाहिलेत. तुमच्या प्रतिक्रियेनंतर त्यातले तीन परत पाहिले आणि एका बाबतीत माझं मत बदललं.

आधी तेच सांगतो. मूळ लेखात मी लिहिलं होतं की सलग 18 वेळा किताब राखणारा आणि साडेनऊ वर्षं विजेता असलेला माणूस जुन्या काळचा अमेरिकी विजेता जो लुईस याच्या शेजारी शोभतो. हा युक्तिवाद कच्चा होता. लुईस जून 1937 मध्ये ब्रॅडॉकला हरवून विजेता झाला आणि मार्च 1949 मध्ये निवृत्त होईपर्यंत जगात हेवीवेटचा विजेता एकच होता. क्लिचकोच्या काळात मात्र किताब देणाऱ्या चार मोठ्या संघटना होत्या आणि प्रत्येकीचा विजेतेपदाचा पट्टा वेगळा. त्यातला फक्त आयबीएफचा पट्टा त्याच्याकडे एप्रिल 2006 मध्ये आला. डब्ल्यूबीओचा 2008 मध्ये, डब्ल्यूबीएचा 2011 मध्ये डेव्हिड हे याला हरवल्यावर. डब्ल्यूबीसीचा पट्टा 2008 पासून 2013 पर्यंत थोरल्या भावाकडे, विटालीकडे होता आणि आपण एकमेकांशी लढणार नाही असं वचन दोघांनी आईला दिलं होतं. त्या वचनाबद्दल मला आदरच आहे. पण त्या काळातला त्याचा सर्वात कठीण प्रतिस्पर्धी त्याच्याच घरात होता, आणि तो सामना झालाच नाही. तेव्हा लुईसशी केलेली बरोबरी मागे घेतो. (लुईसच्या कारकिर्दीतही युद्धामुळे मार्च 1942 ते जून 1946 किताबाची एकही लढत झाली नाही, हे मात्र त्याची वर्षं मोजताना विसरू नये.)

आता पोकळ काळ. हे विधान इतक्यांदा केलं जातं की ते तपासायचंच राहून जातं. ‘ही नावं मला माहीत नाहीत’ ही कसोटी होऊ शकत नाही. तो माणूस क्लिचकोसमोर येण्याआधी काय होता आणि नंतर त्याने काय केलं, हे बघायला हवं. इब्रागिमोव्ह, चगाएव्ह, पोवेत्किन, पुलेव्ह, जेनिंग्ज हे पाचही जण त्याच्यासमोर आले तेव्हा अपराजित होते. चगाएव्हने त्याआधी सात फुटी व्हालुएव्हला त्याच्या कारकिर्दीतला पहिला पराभव दाखवला होता. टोनी थॉम्प्सनला क्लिचकोने दोनदा नॉकआउट केलं. त्याच थॉम्प्सनने नंतर, चाळिशी ओलांडल्यावर, 2013 मध्ये ब्रिटनचा उगवता तारा मानल्या जाणाऱ्या डेव्हिड प्राइसला दोनदा गारद केलं. पोवेत्किन 2013 मध्ये मॉस्कोत क्लिचकोकडून चार वेळा खाली पडला आणि एकतर्फी हरला. त्यानंतर सात वर्षांनी, 2020 मध्ये, त्याने डिलियन व्हाइटला एका अपरकटने (खालून वर मारलेल्या ठोशाने) झोपवलं. म्हणजे ही माणसं निकामी नव्हती. क्लिचकोसमोर उभी राहिली की निकामी दिसायची.

तरी यांच्यात एकही फ्रेझर नव्हता, एकही फोरमन नव्हता. मुहम्मद अलीला लिस्टन, फ्रेझर, नॉर्टन, फोरमन मिळाले आणि त्याने चौघांनाही हरवलं. क्लिचकोच्या वाट्याला असं कुणी आलं नाही, म्हणून तो अलीच्या आसपासही नाही. पण आपला काळ कुणी निवडत नाही. लुईसच्या 1940-41 मधल्या आव्हानवीरांनाही तेव्हाचे वार्ताहर ‘महिन्याला एक फालतू’ म्हणून हिणवायचे. त्या सामन्यांमुळे आपण लुईसला आज खाली ढकलत नाही.

मिठ्यांबद्दल तुम्ही अर्धे बरोबर आहात. पोवेत्किनचा सामना परत पाहिला. तो पाहणं त्रासदायक आहे. पोवेत्किन वाकून आत शिरला की क्लिचको त्याच्या मानेवर आपलं सगळं वजन टाकतो, रेफरी सोडवतो, आणि पुन्हा तेच. रेफरीने बरंच आधी गुण कापायला हवे होते. 2015 मध्ये न्यूयॉर्कला जेनिंग्जविरुद्ध याच कारणासाठी एक गुण कापला गेलाच. पण जाहीरपणे माझ्या अंगावर येणाऱ्या वाचकाला मी एकच विनंती करतो, की मिठी सुरू होण्याआधीचे दोन सेकंद बघा. जवळजवळ दोन मीटर उंचीचा हा माणूस डावा हात अर्धवट पुढे ठेवून समोरच्याच्या हातमोज्यांना टोचत राहतो, त्याला अंतर मोजू देत नाही. प्रतिस्पर्ध्याने पाऊल उचललं की जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा. जॅब चुकवून तो आत आला तर मागे एक पाऊल आणि उजवा. तेही चुकलं तरच मिठी. मिठी ही तिसरी भिंत होती, आणि पहिल्या दोन भिंती ओलांडणारेच फार थोडे होते. हे सुंदर आहे असं मी म्हणणार नाही. अवघड मात्र विलक्षण आहे, आणि मी त्याला गुण देतो ते याच अवघडपणाबद्दल.

त्याला एवढ्या भिंती का लागल्या? जोरदार ठोशांपुढे आडवा होण्याचा तुमचा तिसरा मुद्दा इथेच येतो, आणि माझ्या मते क्लिचकोचं सगळं मोठेपण याच मुद्द्यात आहे. 1998 मध्ये कीव्हला रॉस प्युरिटीसमोर त्याचा दम संपला आणि अकराव्या फेरीत सामना थांबवला गेला. मार्च 2003 मध्ये हॅनोव्हरला कोरी सँडर्सने दोन फेऱ्यांत चार वेळा पाडलं. एप्रिल 2004 मध्ये लास वेगासला लॅमन ब्रूस्टरने पाचव्या फेरीत संपवलं. प्युरिटी आणि सँडर्स, दोघांनाही पुढे विटालीने हरवलं, व्लादिमिरने नाही. हा डाग राहणारच. ब्रूस्टरचा हिशेब मात्र त्याने 2007 मध्ये स्वतः चुकता केला.

त्या ब्रूस्टरच्या रात्री त्याच्या कोपऱ्यात इमॅन्युएल स्ट्युअर्ड पहिल्यांदाच प्रशिक्षक म्हणून उभा होता. पहिल्याच रात्री शिष्य कोसळला, तरी स्ट्युअर्ड गेला नाही. याच स्ट्युअर्डने 1994 मध्ये ऑलिव्हर मॅकॉलच्या कोपऱ्यातून लेनॉक्स लुईसचा पराभव घडवला होता आणि मग त्याच लुईसला हाताशी धरून पुन्हा उभं केलं होतं. क्लिचकोबरोबर काम जास्त कठीण होतं. याचा जबडा कच्चा आहे, हा घाबरतो, मागच्या फेऱ्यांत दमतो, हे साऱ्या मुष्टियुद्धाच्या जगाला तोंडपाठ झालं होतं.

सप्टेंबर 2005, अटलांटिक सिटी, समोर सॅम्युएल पीटर. परत पाहिलेला हा दुसरा सामना. पाचव्या फेरीत क्लिचको दोनदा खाली, दहाव्यात पुन्हा एकदा. जुना क्लिचको तिथेच संपला असता. हा उठला, पुन्हा जॅबमागे गेला, बाराव्या फेरीत डाव्या हुकने (बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने) पीटरलाच डगमगवलं, आणि सामना गुणांवर जिंकला. त्या रात्रीनंतर त्याला पुन्हा खाली पाडायला एप्रिल 2017 उजाडावा लागला. साडेअकरा वर्षं! सगळ्यांना ठाऊक होतं की जबड्यावर एक नीट ठोसा बसला की काम होईल. प्रत्येक आव्हानवीर तीच योजना घेऊन यायचा, आणि कुणालाही ती पार पाडता आली नाही. कमजोरी उघड असताना तिच्यापर्यंत कुणाला पोहोचू न देणं, तेही इतका काळ, असं दुसरं उदाहरण मला हेवीवेटमध्ये दिसत नाही.

म्हणूनच मी त्याला टायसनच्या वर ठेवतो. 1986 ते 1988 चा टायसन हा क्लिचकोच्या कोणत्याही दिवसापेक्षा भीषण होता, हे मान्य. मायकल स्पिंक्स त्याच्यासमोर 91 सेकंद टिकला. पण फेब्रुवारी 1990 मध्ये टोकियोला बस्टर डग्लसने त्याला पाडलं, आणि त्यानंतर त्याने नव्याने काही रचलं नाही. 1996 मध्ये पट्टे मिळाले ते ब्रुनो आणि सेल्डनकडून. होलीफिल्ड समोर येताच पुन्हा कोसळला. शिखराची उंची मोजायची तर टायसन घ्या. मी अख्खी कारकीर्द मोजतो, आणि पराभवानंतरचा माणूसही त्यात धरतो.

होलीफिल्डच्या बाबतीत मात्र तुम्ही जिंकलात. रिडिक बोवकडून हरल्यावर 1993 मध्ये त्याने बोवलाच हरवलं, मग टायसनला दोनदा, आणि तो मुळात खालच्या वजनगटातून वर आलेला. क्लिचकोच्या नावावर असा एकही विजय नाही. कोण कुणाला प्रत्यक्षात हरवेल हा खेळ मी खेळत नाही. पंच्याऐंशी किलोचा, जुन्या काळचा विजेता मार्सियानो एकशे दहा किलोच्या माणसासमोर कल्पनेत उभा करणं अन्यायाचं आहे. पण प्रत्यक्ष मिळवलेल्या विजयांच्या बाबतीत होलीफिल्ड वर जातो. त्याच न्यायाने मार्सियानो आणि जॅक जॉन्सनही. बदललेल्या यादीत क्लिचको नववा आहे, फ्रेझर दहावा, टायसन अकरावा.

परत पाहिलेला तिसरा सामना म्हणजे एप्रिल 2017, वेम्बली, नव्वद हजार प्रेक्षक, अँथनी जोशुआ. क्लिचको एकेचाळीस वर्षांचा, त्याच्यापेक्षा जवळजवळ चौदा वर्षांनी मोठा. पाचव्या फेरीत तो पडतो, उठतो आणि फेरी संपेपर्यंत जोशुआलाच धापा टाकायला लावतो. सहाव्या फेरीत सरळ उजव्या हाताने जोशुआला पाडतो. समोरचा पोरगा पाय ओढत चालतोय, अजून सहा फेऱ्या बाकी आहेत, आणि क्लिचको थांबतो. जॅब मारतो, अंतर राखतो, वाट बघतो. स्ट्युअर्डने शिकवलेलं आणि साडेअकरा वर्षं कामी आलेलं सगळं तो त्या क्षणी तंतोतंत करतो, जेव्हा नेमकं ते सोडून तुटून पडायला हवं होतं. अकराव्या फेरीत जोशुआच्या अपरकटने त्याचं डोकं मागे फेकलं गेलं, आणि क्लिचको हरला. सातवी फेरी मी या आठवड्यात चार वेळा पाहिली. दर वेळी वाटतं, आता पुढे जाईल.