मालकाकडून उत्तर: ‘ट्रिव्हिया नाइटचा निकाल आधीच ठरलेला असतो’

नमस्कार. आमच्या ट्रिव्हिया नाइटला, म्हणजे प्रश्नमंजुषेच्या रात्री, तुम्ही पहिल्यांदाच आलात आणि नाराज होऊन गेलात, त्याबद्दल माफी मागतो. माइकचा आवाज मागच्या टेबलांपर्यंत पोचत नव्हता, हे बरोबर. त्याचं बघतोय.

पण ‘आमचं बरोबर उत्तर चूक ठरवलं, नेहमीच्या लोकांनाच जिंकवायचं होतं’ असं रिव्ह्यूत लिहून तुम्ही एकच तारा दिलात, ते मात्र लागलं.

प्रश्न होता, सर्वाधिक चंद्र कोणत्या ग्रहाला? तुम्ही लिहिलंत गुरू. २०२३च्या फेब्रुवारीत विचारलं असतं तर पूर्ण गुण मिळाले असते; तेव्हा गुरू ९२ चंद्रांसह शनीच्या पुढे गेला होता. पण त्याच वर्षी मे महिन्यात शनी १४५ वर पोचला, पुढे आणखी एकाची भर पडली आणि मार्च २०२५मध्ये आणखी १२८ चंद्रांना मान्यता मिळून २७४ वर. गुरू अजून शंभराच्या आसपासच आहे. क्विझमास्टरने हे तेव्हाच समजावून सांगितलं होतं. (मान्य, माइक.)

आता विषय निघालाच आहे म्हणून. राउंड चालू असताना फोन पालथे ठेवायचे, हे सुरुवातीलाच सांगितलं जातं. तुमच्या सोबतच्यांचा फोन टेबलाखाली उजळलेला शेजारच्यांनी पाहिला. नियमाने अख्ख्या राउंडचे गुण जायला हवे होते. नवीन आहात म्हणून सोडून दिलं. नेटवर जुनी बातमी उघडली की अजूनही गुरूच दिसतो, एवढंच म्हणतो.

आणि उत्तरपत्रिका आम्ही तपासतच नाही, टेबलं आपापसांत बदलून तपासतात. तुमची ज्यांनी तपासली ते शेवटून दुसरे आले. तुम्हाला पाडून त्यांना काय मिळणार होतं? तुम्ही दोघंच होतात, समोर सहा-सहा जणांच्या टीम. दुसऱ्या टेबलावर बसवू का, असं मी स्वतः येऊन विचारलं होतं.

आठवड्यात गिऱ्हाईक कमी असतं त्या दिवशी ही एक रात्रच आमची जागा भरते. ‘निकाल ठरलेला’ असं वाचल्यावर नवीन कोण येणार?

नियम छापून टेबलांवर ठेवायचा विचार आहे, आणि अशा प्रश्नांत ‘आजच्या तारखेला’ हे शब्द घालायला सांगितलंय. हरकत असेल तर राउंड संपायच्या आत हात वर करा, तिथल्या तिथे बघू. पुढच्या वेळी चार-पाच जण घेऊन या. आणि जमलं तर त्या ताऱ्याचाही पुन्हा विचार करा.